भोगलला शिकवायला निघालीस, तर ऐक

पोरी, दिल्लीत भोगल, लाजपत नगर भागातल्या अफगाण निर्वासित बायकांना धंद्याचं शिकवायला निघालीस, तर एवढं गाठीला बांध.

त्यांना काही येत नाही, असं धरून जाऊ नकोस. बोलानी, म्हणजे सारण भरलेली अफगाण रोटी, लाटणारा, टाका घालणारा हात तयारच आहे. अडतं ते हिशेबापाशी आणि कागदापाशी. वेळ तिथे घाल.

आधी किंमत काढायला शिकव. समज, 40 बोलानींना पीठ, बटाटा, पातीचा कांदा, तेल मिळून 480 रुपये लागले. गॅस आणि पिशव्यांना 120. बाई म्हणेल, एक 15 ला पडली, मी 18 ला विकते, फायदाच आहे. तिला विचार, चार तास राबलीस त्याचं काय? तासाचे 60 धरले तर 240 वाढले, आणि बोलानी पडली 21 ला. म्हणजे 18 ला विकताना ती स्वतःची अर्धी मजुरी गिऱ्हाइकाला फुकट देते आहे. आपल्या कष्टाचं मोल तिने तिच्या तोंडाने सांगितलं, की पुढचं सोपं होतं.

वही तिला तिच्या दरी भाषेतच लिहू दे, तिच्याच आकड्यांत. घरखर्चाचा डबा वेगळा, धंद्याचा वेगळा.

कागदाबाबत खोटी आशा दाखवू नकोस. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. हातात यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं कार्ड असलं तरी आधार कार्डावाचून बँकेत खातं उघडताना, कर्ज मागताना अडचण येते. म्हणून कर्जाचा धडा मागे ठेव, बचतीचा पुढे घे. दुसऱ्या कुणाच्या खात्यावर पैसे घ्यायचा सल्ला तर देऊच नकोस. बुडाले तर ती दाद कुठे मागणार?

दुकानाच्या अनामतीत पैसा अडकवू देऊ नकोस. उद्या कायमचं राहायला कॅनडाचा व्हिसा आला तर तिला निघावं लागेल. शिलाई मशीन विकता येतं, हातातलं कसब बरोबर जातं.

गिऱ्हाईक फक्त अफगाण नको. नवरोजला आणि दोन्ही ईदला त्यांची माणसं येतीलच, त्याची तयारी महिनाभर आधी करायला सांग. पण बाकीचं वर्ष शेजारच्या दिल्लीकरांवर चालायचं आहे. दिल्लीतल्याच ‘सिलाईवाली’ उपक्रमात अफगाण बायका कारखान्यांतल्या उरलेल्या कापडाच्या बाहुल्या करतात आणि त्या दूरवर विकल्या जातात. ते काम सगळ्याजणींना दाखव.

वर्ग मुलं शाळेत असतात त्या वेळी घे. मुलांना दुभाषी करू नकोस. लेकरासमोर आई उधारीचा खरा आकडा सांगत नाही. दरी आणि हिंदी दोन्ही येणारी बाई त्यांच्यातलीच शोध, आणि तिला कामाचे पैसे दे.

पहिल्या दिवशी भाषण नको. गेल्या आठवड्यात काय विकलं, कितीला विकलं, हे एकेकीला विचार आणि त्याच आकड्यांवर शिकवायला लाग.