पायाच्या शिवणयंत्राचे मेज

बिडाच्या नक्षीदार पायांवर उभे असलेले, दोन्ही अंगांस लहान खण असलेले एक लाकडी मेज काही जुन्या घरांतून अद्याप आढळते. वरची फळी उघडून आतील यंत्र वर उचलले, म्हणजे ते पायाने चालणारे शिवणयंत्र आहे हे ध्यानात येते. या मेजाचा इतिहास श्रमाच्या इतिहासाशी निगडित आहे.

फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचा हक्क नोंदविला. त्याच्या कारखान्यात सुमारे ८० यंत्रांवर सैनिकांचे गणवेश शिवले जात. आपली भाकरी जाईल या भयाने १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे मोडून टाकली. पुढे १८४६ साली अमेरिकेत एलियास हौ याने दुहेरी धाग्याच्या टाक्याच्या यंत्राचा हक्क नोंदविला. परंतु ते हाताने फिरवावे लागे. आयझॅक सिंगर याने १८५१ साली आपल्या यंत्राला पायाची गती जोडली, तेव्हा दोन्ही हात कापड धरण्यास मोकळे झाले. आरंभी यंत्र ज्या खोक्यातून गिऱ्हाइकाकडे येई, तेच खोके त्याचे मेज होई. नंतर बिडाचे पाय आले.

यंत्र महाग होते. १८५६ साली सिंगरच्या व्यवसायाने हप्तेबंदीने विक्री सुरू केली व ते सामान्य कुटुंबांच्या आटोक्यात येऊ लागले. घरात ठेवावयाचे तर ते शोभिवंत हवे. म्हणून १८६८ साली साउथ बेंड येथे या व्यवसायाने लाकडी मेजांचा कारखाना काढला. पुढे यंत्र आत दुमडून ठेवण्याची सोय झाली व शिवण नसेल तेव्हा तेच मेज इतर कामी येऊ लागले.

हाताने एक सदरा शिवण्यास सुमारे १४ तास लागत, तेथे यंत्रावर सुमारे सव्वा तास पुरे, असा हिशेब त्या काळी एका अमेरिकन कारखान्याने प्रसिद्ध केला होता. यंत्रांच्या हव्यासाला विरोध करणाऱ्या महात्मा गांधींनीही १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद मानले; कारण ते स्त्रीचे कष्ट वाचविण्याच्या प्रेमातून जन्मले, अशी त्यांची धारणा होती. पॅरिसच्या शिंप्यांचे भय आणि गांधीजींचा अपवाद, दोन्हींमागे प्रश्न एकच आहे : यंत्राने वाचलेल्या श्रमाचे फळ कोणास मिळते?

पाठ घेताना : पंजा व टाच आळीपाळीने दाबल्याने पायपट्टी वरखाली होते. उभा दांडा त्या गतीने मोठे चाक फिरवितो, चामड्याची वादी ती गती लहान चाकास देते आणि जड चाकाच्या वेगामुळे यंत्र मध्येच अडत नाही. हे मुलांना प्रत्यक्ष दाखवावे.

प्रश्न : मोठ्या चाकाचा व्यास लहान चाकाच्या चौपट आहे. लहान चाकाच्या एका फेऱ्यात एक टाका पडतो. तर मोठ्या चाकाच्या २५ फेऱ्यांत किती टाके पडतील?