पेशी वाढविणारे इंजेक्शन

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाच्या घरी 'पेशी किती आल्या?' हा प्रश्न प्रकृतीच्या चौकशीआधी विचारला जातो. आमच्या आईच्या आजारपणात आम्ही तो रोज ऐकला. डेंग्यूमुळे आपल्याकडे 'पेशी' म्हणजे प्लेटलेट असे समीकरण रूढ झाले आहे. त्यामुळे आप्तजन पपईच्या पानांचा रस घेऊन आले. डॉक्टर मात्र न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींविषयी बोलत होते.

जंतूंवर सर्वप्रथम धावून जाणाऱ्या या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. रक्तात त्या फार काळ टिकत नाहीत, म्हणून मज्जेला त्या अखंड घडवाव्या लागतात. केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जेतील पेशीही सापडतात. साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान न्यूट्रोफिल तळ गाठतात. एका मायक्रोलिटर रक्तात त्या ५०० पेक्षा कमी झाल्यास साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

मज्जेला पेशी घडविण्याचा आदेश देणारी प्रथिने शरीरातच असतात. मेलबर्न येथे डोनाल्ड मेटकाफ यांनी त्यांच्या शोधात अनेक दशके घालविली. पुढे त्यांपैकी एका प्रथिनाचे मानवी जनुक जीवाणूंत घालून ते प्रथिन मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आले. तेच फिलग्रास्टिम, १९९१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. ते रोज त्वचेखाली टोचतात. पेगफिलग्रास्टिम हे त्याचे दीर्घकाळ टिकणारे रूप केमोथेरपीच्या एका फेरीत एकदाच पुरते. केमोथेरपीनंतर किमान २४ तास ते देत नाहीत, कारण नव्याने विभागू लागलेल्या पेशीच औषधाच्या तडाख्यात सापडतील. हे औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, पण गोठू द्यायचे नसते. घरी नेताना बाटली थेट बर्फात खुपसणारे आम्ही पाहिले आहेत!

मज्जा कामाला लागली की कंबर व हाडे ठणकतात. दहाव्या दिवशी संध्याकाळी आई अंग दुखते म्हणाली. आम्ही ताप न मोजताच पॅरासिटामॉल दिले. इंजेक्शन झाले आहे, आता काळजी नाही, असा आमचा समज होता. वस्तुतः या इंजेक्शनाने पेशींच्या टंचाईचे दिवस कमी होतात, टंचाई पूर्णतः टळत नाही. आणि पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो. पहाटे आईला हुडहुडी भरली. रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके देऊन सहा दिवसांनी तिला घरी सोडले. अशा रुग्णाला १००.४ अंश फॅरेनहाइट ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नसते, हे डॉक्टरांनी तेव्हा पुन्हा सांगितले. खरे म्हणजे पहिल्या दिवशी दिलेल्या कागदावर ते लिहिलेलेच होते.

पुढच्या फेरीत आम्ही थर्मामीटर उशाशी ठेवला. नवव्या दिवशी रात्री अकरा वाजता तो १००.६ दाखवू लागला. गोळी न देता आम्ही रिक्षा बोलावली.