उशिराचा हिशेब

'हृदय निकामी होणे' या शब्दप्रयोगातील 'निकामी' हा शब्द दिशाभूल करणारा आहे; कारण या विकारात हृदय बंद पडलेले नसते, तर शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलण्याची किंवा परत आलेले रक्त सहज सामावून घेण्याची त्याची ताकद घटलेली असते, आणि ही घट बहुधा कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चाललेली असते. अहिल्यानगर जिल्ह्याच्या बोलीत 'हार्टफेल झाला' याचा अर्थ माणूस अकस्मात गेला असाच होतो. त्यामुळे डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' हे निदान उच्चारले की घरचे लोक एक तर रडू लागतात, नाही तर समोर चालता-बोलता बसलेल्या रुग्णाकडे पाहून त्या निदानावर विश्वासच ठेवत नाहीत.

हृदयातून पुरेसे रक्त पुढे जात नाही, तेव्हा शरीराचा समज असा होतो की रक्तस्राव झाला आहे किंवा पाणी कमी पडले आहे. मग मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आकसतात, आणि जखमी माणसाला वाचवणारी हीच यंत्रणा थकलेल्या हृदयावर अधिक ओझे लादते. साठलेले पाणी पायांत उतरले की सूज येते आणि फुप्फुसांत उतरले की धाप लागते. ही धाप दम्याच्या धापेसारखी दिसते, तीत कधी छाती वाजतेही, आणि नेमक्या याच साम्यामुळे प्रस्तुत लेखकाच्या वडिलांचे चार महिने आणि अकरा दिवस वाया गेले.

तो अनुभव येथे तटस्थपणे मांडला जाईल असा दावा करण्यात अर्थ नाही. जिल्ह्याच्या उत्तरेकडील ऊसपट्ट्यातले, सहासष्ट वर्षांचे हे शेतकरी 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत रात्रपाळीच्या विजेवर उठून दारे धरत होते. त्यांच्या पहिल्या तक्रारीचा दम्याशी काहीच संबंध नव्हता. दारे मोडायला वाकले की जीव घुसमटतो आणि ताठ उभे राहिले की बरे वाटते, असे ते सांगत. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात लागणाऱ्या या धापेचे हृदयविकाराशी असलेले नाते 2014 मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून स्वतंत्रपणे मांडले गेले होते. पण तालुक्याच्या ज्या खासगी दवाखान्यात त्यांना नेले जात होते, तेथे ही तक्रार एकदाही पूर्ण ऐकून घेतली गेली नाही. सात वेळा नेले, सातही वेळा दम्याचा पंप, स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि गुडघे दुखतात म्हणून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या वर्गातील वेदनाशामके शरीरात मीठ-पाणी अडवून धरतात आणि दुबळ्या हृदयाच्या रुग्णाला त्यांनी उघड अपाय होतो. म्हणजे ज्या पाण्याने धाप लागत होती, ते वाढवणारे औषधच त्या गोळ्यांतून पोटात जात होते.

अखेर 20 नोव्हेंबरला, रात्रभर खाटेवर बसून काढल्यानंतर, त्यांना शहरातील एका रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथे टू-डी इको झाला, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल पाहण्यात आली, आणि पंपिंग 25 टक्के निघाले. पंपिंग म्हणून सर्वत्र ओळखला जाणारा हा आकडा म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला बाहेर पडणारा हिस्सा होय. तो निरोगी माणसातही शंभर नसतो, साधारण 55 ते 70 च्या दरम्यान असतो, हे कोणी समजावून न सांगितल्यामुळे नातेवाइकांत 'पंचवीसच टक्के हृदय उरले' अशी हाय पसरली. दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांनी वर मान न करता विचारले, "इतका उशीर का केलात?"

त्याच रात्री, जुने कागद क्रमाने लावताना, प्लास्टिकच्या पिशवीतल्या पाकिटातून 9 जुलैचा छातीचा एक्स-रे अहवाल निघाला. हा एक्स-रे तालुक्याच्याच दवाखान्याने काढायला लावला होता, त्याचे पैसे भरले होते, आणि फिल्म उजेडाकडे धरून 'छाती भरली आहे' एवढेच सांगण्यात आले होते. अहवालातील शेवटच्या ओळीत मात्र हृदयाचा आकार वाढल्याचे आणि इको करून घेण्याचे स्पष्ट लिहिलेले होते. ती ओळ कोणीही वाचली नव्हती. पुढे तो कागद त्या दवाखान्यात दाखवला, तेव्हा उत्तर मिळाले, "वय झालंय त्यांचं, आणि तुम्ही वेळेवर आणायला हवं होतं." सात वेळा आणलेल्या माणसाबद्दल हे वाक्य उच्चारले गेले, आणि ते अद्याप विसरता आलेले नाही. खेड्यातले लोक उशिरा येतात हे अनेकदा खरे असते. पण ते सरसकट गृहीत धरले की आलेल्या माणसाचा उशीर दवाखान्यातच होतो.

म्हणून पहिली सूचना अहवालांविषयी आहे. एक्स-रे असो वा रक्ततपासणी, फिल्म पाहून झाल्यावर लेखी अहवालाची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा. दुसरे, चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच 'दमा' सांगितला गेला आणि सोबत पायावर सूज असेल, उशी एकाची दोन करावी लागत असेल किंवा मध्यरात्री गुदमरून जाग येत असेल, तर इको झाल्याशिवाय त्या निदानावर थांबू नये. बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणीही येथे उपयोगी पडते. ताणलेल्या हृदयातून हे द्रव्य रक्तात उतरते, आणि त्याचे प्रमाण कमी निघाले तर धापेचे कारण बहुधा दुसरे असते. मात्र लठ्ठ माणसांत ते कमी भरते आणि वय वाढलेल्यांत किंवा मूत्रपिंडे बिघडलेल्यांत जास्त, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

कारणांचा विचार केला तर भारतातील चित्र पाश्चात्त्य देशांपेक्षा वेगळे आहे. देशातील 53 रुग्णालयांतल्या 10,851 रुग्णांची जी राष्ट्रीय नोंद 2019-20 मध्ये झाली, तीत सरासरी वय साठीच्या आसपास होते, सुमारे 72 टक्के रुग्णांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार हे मूळ होते, आणि दाखल झाल्यापासून 90 दिवसांत 14 टक्क्यांहून अधिक रुग्ण दगावले. उच्च रक्तदाब, मधुमेह, दारू, लहानपणीच्या सांधेतापाने खराब झालेल्या झडपा, बाळंतपणाच्या सुमारास स्त्रियांना होणारा हृदयस्नायूचा विकार ही इतर कारणे होत. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातील 25 अक्षरांचा तुकडा गळालेला आढळला आणि त्याचा संबंध या विकाराशी जोडला गेला. असा वारसा असलेला प्रत्येक जण आजारी पडतो असे नव्हे, पण घरात कोणी तरुणपणी 'हार्टफेल' होऊन गेले असेल तर ते डॉक्टरांना सांगणे का आवश्यक आहे, हे यावरून कळावे.

उपचारांच्या बाबतीत मात्र गेल्या दशकाने या विकाराचे भवितव्य खरोखर बदलले आहे. पंपिंग घटलेल्या रुग्णासाठी आज चार वर्गांची औषधे एकत्र दिली जातात: रक्तवाहिन्यांवरील ताण उतरवणारे साक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा त्याच्या आधीच्या पिढीतील औषध, ठोके मंदावून हृदयाला उसंत देणारे बीटा-ब्लॉकर, मीठ बाहेर टाकून पोटॅशियम राखणारे स्पायरोनोलॅक्टोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. लोक जिला 'लघवीची गोळी' म्हणतात ती पाणी उतरवते, तातडीचा आराम देते, पण आयुष्य वाढवल्याचा भक्कम पुरावा या चार औषधांच्या मागे आहे. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय नोंदीत अशी शिफारस केलेली औषधे निम्म्याहून कमी पात्र रुग्णांना मिळत होती.

येथे दुसरा धक्का बसला. रुग्णालयातून घरी आल्यावर तीन आठवड्यांनी, ताप आला म्हणून गावाजवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले असता त्यांनी कागदावरील डापाग्लिफ्लोझिनवर काट मारली आणि म्हटले, "शुगर नाही तर शुगरची गोळी कशाला?" हे औषध मधुमेहासाठी निघाले हे खरे, परंतु 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4,744 रुग्णांवरील डापा-एचएफ या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही त्याचा तितकाच लाभ झाला, आणि या वर्गातील औषधांच्या 2021 व 2022 मधील चाचण्यांनी पंपिंग चांगले असूनही हृदय ताठरल्यामुळे आजारी असलेल्यांतही तो दाखवला. त्याच भेटीत रक्तदाब 100/64 भरला म्हणून बीटा-ब्लॉकरही बंद झाले. वास्तविक अशा रुग्णात, चक्कर येत नसेल तर, एवढा रक्तदाब हे औषध थांबवण्याचे कारण ठरत नाही. सोळाव्या दिवशी फुप्फुसांत पुन्हा पाणी भरले आणि पुन्हा दाखल करावे लागले.

रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले सहा आठवडे किती नाजूक असतात, हे 2022 च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीने आकड्यांत मांडले. सुटल्यापासून दोन आठवड्यांत औषधांची मात्रा पूर्ण पातळीपर्यंत वाढवून, वारंवार तपासणी करत राहिल्यास 180 दिवसांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण 15.2 टक्के राहिले, तर नेहमीच्या सावकाश पद्धतीत ते 23.3 टक्के होते. प्रस्तुत प्रकरणात सुटीच्या कागदावर 'एक महिन्याने दाखवा' एवढाच शेरा होता. यावरून ठरवलेला नियम असा की सुटी घेतानाच पहिल्या-दुसऱ्या आठवड्याची वेळ मागून घ्यावी, कोणती गोळी केव्हा व किती वाढवायची हे लिहून घ्यावे, आणि कोणीही एखादी गोळी कापली तर ती बंद करण्यापूर्वी मूळ डॉक्टरांना दूरध्वनी करावा.

घरच्या देखरेखीत वजनकाट्याएवढे उपयोगी साधन नाही. फुप्फुसाच्या रोहिणीत बसवण्याचे, आतला दाब बाहेर कळवणारे संवेदक परदेशात वापरले जातात आणि त्यांनी दाखल होण्याचे प्रमाण घटते हे 2011 पासून ठाऊक आहे. पण येथील कुटुंबाच्या आवाक्यात काटा आणि वही येते. रोज सकाळी, लघवीनंतर, चहाच्या आधी, सारख्याच कपड्यांत वजन करावे आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ दिसली तर सूज चढण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. याच जिल्ह्यातील जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी उभारलेल्या प्रकल्पात, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांनी ग्राम आरोग्य सेविका म्हणून गावोगावचे आरोग्य बदलून दाखवले. ज्या जिल्ह्याने हे जगाला शिकवले, तेथे हृदयविकाराच्या रुग्णाचे आठवड्याला एकदा वजन टिपणारे माणूस गावात नसावे, याची खंत वाटते.

मिठाविषयी गैरसमज फार आहेत. सैंधव चालते अशी सर्वत्र समजूत आहे, पण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते, जे स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात धोकादायक पातळीला जाऊ शकते. रोजच्या शहाळ्यालाही हीच सावधगिरी लागू आहे, आणि या औषधांवर पोटॅशियम व क्रिएटिनिनची तपासणी ठरलेल्या वेळी व्हायलाच हवी. मात्र मिठाचा अतिरेकी धसकाही नको: 2022 च्या एका मोठ्या चाचणीत सोडियम अगदी कडक मर्यादेत ठेवल्याने मृत्यू किंवा दाखल होण्याचे प्रमाण ठळकपणे घटले नाही. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे सोडावेत, भाकरीच्या पिठात मीठ घालू नये, आणि उरलेले जेवण रुचेल असे असावे. एकादशीचा किंवा नवरात्राचा कडक उपवास, उलट्या-जुलाब यांच्या काळात डापाग्लिफ्लोझिन काही दिवस थांबवावे लागते, ते विचारूनच करावे. व्यायाम, झोप, तंबाखू सोडणे वगैरे सर्वांना माहीत आहे.

खर्चाची भीतीही आता पूर्वीइतकी उरलेली नाही. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे 2025 मध्ये संपल्यापासून ही औषधे अनेक कंपन्यांकडून बरीच स्वस्त मिळतात. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मात्र हंगामभराच्या गोळ्या आणि इकोचा अहवाल सोबत नेणे जरूर आहे, कारण फडावर आजार वाढला की नव्या डॉक्टरांपुढे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

वडिलांचे पंपिंग वर्षभरात 38 टक्क्यांवर आले आणि ते आता दारे धरत नसले तरी बांधापर्यंत चालत जातात. वजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर 9 जुलैचा तो एक्स-रे अहवाल चिकटवलेला आहे, त्यातील शेवटच्या ओळीखाली लाल शाईची रेघ आहे, आणि कोणत्याही नव्या दवाखान्यात गेल्यावर आधी तेच पान उघडले जाते.