परमुलखातील चूल

सांगली जिल्ह्यातील खानापूर व आटपाडी हे अवर्षणप्रवण तालुके. कोरडवाहू शेतीवर कुटुंबाचा निर्वाह होईना, तेव्हा येथील तरुणांनी गलाई व्यवसायाची वाट धरली. जुने दागिने मुशीत वितळवून, तसेच सराफी दुकानांतील केर व राख गाळून सोने-चांदी शुद्ध करणे, हे गलाईचे काम. जेथे सराफबाजार, तेथे हे कारागीर पोहोचले.

सवाई जयसिंहाने १७२७ साली वसवलेल्या जयपूरचा जोहरी बाजार दागिन्यांसाठी व रत्नांसाठी प्रसिद्ध आहे. अशा दूरच्या पेठेत नवख्या मुलाजवळ ना भांडवल असते, ना ओळख. कानांवर हिंदी आणि ढूंढाडी. त्याने घरभाडे भरावे की गावी पैसे पाठवावे? हा पेच गावकीनेच सोडवला. नवखा मुलगा नात्यातील वा गावातील मालकाकडे राहतो. निवारा व जेवण तेथेच. काम शिकेपर्यंत मिळकत थोडी, पण खर्चही थोडाच; शिल्लक गावी जाते. पुढे स्वतःचे दुकान थाटल्यावर तोही गावाकडील दुसऱ्या मुलाला आधार देतो. उपकाराची फेड अशी पुढच्याकडे होते.

मात्र काटकसरीलाही मर्यादा हवी. भट्टी आणि अंथरूण एकाच कोंदट खोलीत असेल, तर आम्लाचा धूर छातीत जातो. भाड्यात वाचलेला पैसा औषधात संपतो. म्हणून परमुलखात हिशेब मांडताना आरोग्याचा खर्च आधी धरावा.

पाठगत प्रश्न
१. नवख्या मुलाचा खर्च कमी का होतो?
२. ‘उपकाराची फेड पुढच्याकडे होते’ हे विधान स्पष्ट करा.