अस्वल दारात आलं तर…

प्रश्न : मुलगा-सून न्यू जर्सीच्या उत्तर भागात राहतात. तिथे परवा पहाटे काळं अस्वल आलं आणि कचऱ्याचा डबा आडवा करून गेलं. भाद्रपदात आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. आमचे हे म्हणतात, घाबरायचं काय, शाळेतली दोन मित्रांची गोष्ट आहे ना! एकाने झाडावर चढायचं, दुसऱ्याने श्वास रोखून पडून राहायचं. खरंच असं करावं का? आणि उरलीसुरली पोळी टाकली तर ते गुमान निघून जाईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : गोष्टीतले दोन्ही मित्र न्यू जर्सीत पार फसले असते. अमेरिकेतलं काळं अस्वल झाडावर तुमच्या यजमानांपेक्षा कितीतरी लवकर चढेल. त्याच्या नख्या आखूड आणि बाकदार असतात, खोडात घट्ट रुततात. धोका दिसला की आई पिल्लांना आधी झाडावरच पिटाळते. पळून जाण्यातही अर्थ नाही, कारण ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास धावतं.

मेल्याचं सोंग घेण्याचा सल्ला ग्रिझली नावाच्या तपकिरी अस्वलासाठी दिला जातो, तोही ते बचावासाठी अंगावर आलं असेल तरच. ग्रिझली न्यू जर्सीत नाही. काळं अस्वल सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. पण जे क्वचित खरोखर चाल करून येतं, ते बऱ्याचदा माणसाकडे भक्ष्य म्हणूनच बघत असतं. त्याच्यापुढे निपचित पडणं म्हणजे आपणहून पान वाढणं. तिथे काठी, दगड, हाताला लागेल ते घेऊन त्याच्या तोंडावर, नाकावर मारायचं.

हे वाचून तिकीट रद्द करू नका. स्टीफन हेरेरो या अभ्यासकाने सहकाऱ्यांसह 1900 ते 2009 पर्यंतच्या नोंदी तपासल्या. एवढ्या काळात अमेरिका आणि कॅनडा मिळून काळ्या अस्वलांनी मारलेली माणसं भरली 63. त्यातले बहुतेक हल्ले एकट्या नराचे होते. ‘पिल्लांची आई सर्वांत घातक’ हा समज या अस्वलाच्या बाबतीत फारसा टिकत नाही. न्यू जर्सीतला नोंदलेला पहिला मृत्यू 2014 चा, वेस्ट मिलफर्डच्या रानातला. पाच तरुण फिरायला गेले होते. समोरून येणाऱ्यांनी ‘पुढे अस्वल आहे, परत फिरा’ असं बजावलं होतं. तरी ते पुढे गेले, फोटो काढले. अस्वल मागे येऊ लागलं तसे वाट फुटेल तिकडे पळाले. त्यांतला एक विद्यार्थी परत आला नाही.

समोरासमोर गाठ पडलीच तर एकत्र राहा, हात वर करून मोठे दिसा, खणखणीत आवाजात बोला (मराठी चालेल) आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका. ते फुरफुरेल, दात कटाकट वाजवेल, पंजा जमिनीवर आपटेल, चार पावलं धावून येऊन थबकेल. ही बहुधा त्याच्या भीतीची लक्षणं असतात. ते मागच्या पायांवर उभं राहतं ते वास घ्यायला, नीट बघायला. याच राज्यात ‘पेडल्स’ नावाचं एक अस्वल होतं. पुढचे पंजे अधू असल्यामुळे ते दोन पायांवरच वस्तीतून फिरायचं, आणि जगभर प्रसिद्ध झालं.

आपल्या मनात अस्वलाची जी धास्ती आहे ती विदर्भातून आली आहे, आणि ती खोटी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या माणसाची आपल्या अस्वलाशी अचानक गाठ पडली, तर ते थेट तोंडावर झडप घालतं. ते वाघाच्या शेजारात वाढलेलं जनावर आहे. आधी हल्ला हाच त्याचा बचाव. अमेरिकेतलं काळं अस्वल अडचण आली की झाड किंवा झाडी गाठतं. एकाची भीती दुसऱ्याला लावू नये.

आता पोळीचं. मुळीच टाकू नका. न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणं बेकायदा आहे आणि एका गुन्ह्याला 1,000 डॉलरपर्यंत दंड होतो. पण दंडापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे चटावलेलं अस्वल. माणसाच्या घरी खायला मिळतं हे एकदा कळलं की ते पुन्हापुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत पूर्वी पर्यटकांना दाखवायला अस्वलांना मुद्दाम उष्टं-खरकटं घालत. पुढे त्यांच्या लेकी-नाती मोटारींची दारं पत्र्यासारखी वाकवायला शिकल्या. मिनीव्हॅन त्यांच्या विशेष आवडीची निघाली! लहान मुलांचा सांडलेला खाऊ तिथे हमखास मिळत असणार. खाणं कुलूपबंद लोखंडी पेट्यांत ठेवायची सक्ती झाली, तेव्हा कुठे तो त्रास ओसरला.

तेव्हा मुलाला सांगा, कचरा आदल्या रात्री बाहेर नको. गाडी येते त्या सकाळीच काढायचा. डबा अमोनियाने धुवायचा. बार्बेक्यूची जाळी तुपकट ठेवायची नाही. पक्ष्यांच्या दाण्यांची टांगती भांडी डिसेंबर ते मार्च एवढेच महिने लावायची, कारण बाकीच्या काळात ती अस्वलाचीच पंगत ठरते.

तुम्ही जाल तेव्हा ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. थंडीत अस्वल महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय गुहेत पडून राहतं, आणि त्यासाठी लागणारी चरबी शरद ऋतूत साठवतं. त्या दिवसांत त्याच्या पोटात रोज 20,000 कॅलरीपर्यंत अन्न जाऊ शकतं. नेमका तोच आपला पितृपक्ष. डेकवर वडा-खीर-भाताचं पान ठेवलंत, तर कावळ्याआधी कोण शिवेल याचा भरवसा नाही. यंदा पान घरातच वाढा आणि कोरडा शिधा गावातल्या, गरजूंना धान्य देणाऱ्या फूड पँट्रीत नेऊन द्या.