खिशातील शिदोरी

प्रवासाला निघताना शिदोरी बरोबर घ्यावी, ही आपल्याकडील जुनी रीत. वाटसरू किती दूर जाईल, हे त्याच्या पायांतील बळावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या गाठोड्यातील भाकरीवरही असते. हाती बाळगण्याच्या स्मार्टफोनचे असेच आहे. त्याचा पडदा कितीही तेजस्वी असो, त्याचा कॅमेरा कितीही सूक्ष्मदर्शी असो, आतील बॅटरी संपली की ते सारे वैभव क्षणात मावळते. बॅटरी ही फोनची शिदोरी होय. ती कशी तयार झाली, कशाने सरते, आणि दीर्घकाळ पुरेल असा फोन कसा निवडावा, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

इ. स. १९७३ च्या एप्रिल महिन्याची ३ तारीख. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या रस्त्यावर मार्टिन कूपर नावाचे अभियंते विटेएवढे एक यंत्र कानाशी धरून बोलत होते. मोटोरोला कंपनीने बनवलेला तो हातात धरण्याजोगा पहिला मोबाइल फोन होता, आणि कूपर यांनी तो लावला होता दुसऱ्या कंपनीतील आपले प्रतिस्पर्धी जोएल एंगेल यांना! यंत्राचे वजन एक किलोहून अधिक होते. त्याच घराण्यातील फोन १९८३ साली बाजारात आला, तेव्हा तो भरण्यास सुमारे दहा तास लागत आणि त्यावर बोलता येई ते जेमतेम अर्धा तास. दहा तास दळावे आणि अर्ध्या तासाची भाकरी मिळावी, तसा तो प्रकार होता. खिशातील फोन घडायचा, तर आधी हलकी, टिकाऊ आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी घडणे आवश्यक होते.

हे कार्य एका माणसाचे नव्हे. लिथिअम हा सर्व धातूंमध्ये हलका धातू. तो आपला इलेक्ट्रॉन सहज सोडून देतो. त्याच्या या गुणाचा उपयोग करून स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक नवी बॅटरी तयार केली. तीत शक्ती होती, परंतु शुद्ध लिथिअम धातूमुळे ती पेट घेण्याचे भय होते. पुढे १९८० साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांनी लिथिअम कोबाल्ट ऑक्साइड हा पदार्थ योजून बॅटरीचा दाब सुमारे दुप्पट वाढवला. जपानमधील अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये शुद्ध लिथिअमऐवजी कार्बनचा पदार्थ वापरला. आता प्रश्न उरला तो सुरक्षिततेचा. १९८६ साली योशिनो यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा एक मोठा तुकडा वरून पाडला. काहीही झाले नाही. मग शुद्ध लिथिअम असलेल्या बॅटरीवर तोच प्रयोग केला, तेव्हा तिचा मोठा स्फोट झाला! त्या एका कसोटीने पुढील मार्ग मोकळा केला. १९९१ मध्ये जपानमध्ये लिथिअम-आयन बॅटरीची विक्री सुरू झाली. २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. एवढ्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच.

या बॅटरीच्या पोटात काय घडते? विणकराचा हातमाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते समजण्यास कठीण जाणार नाही. मागावर धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आणि पुन्हा मागे धावत असतो. बॅटरीतही दोन टोके असतात. एका टोकाला ग्राफाइटचे थर, तर दुसऱ्या टोकाला कोबाल्टसारख्या धातूचा ऑक्साइड. मध्ये एक सच्छिद्र पडदा आणि एक द्रव असतो. फोन चार्जरला जोडला की लिथिअमचे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, ऑक्साइडच्या घरातून निघतात, पडदा ओलांडतात आणि ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरू लागताच ते परतीच्या वाटेला लागतात. त्याच वेळी इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून धावतात, आणि त्या धावण्यावरच फोन चालतो. एका बाजूला जाणे आणि परत येणे, मिळून एक फेरा. अर्धी बॅटरी आज वापरली आणि अर्धी उद्या, तर दोन दिवसांत एकच फेरा भरतो.

धोटा धावता धावता झिजतो, तशी बॅटरीही झिजते. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर साचत जातो आणि त्यात थोडे थोडे लिथिअम कायमचे अडकून पडते. जे अडकले, ते पुन्हा कामाला येत नाही. म्हणून काही शे फेऱ्यांनंतर, फोन पूर्ण भरला असे दिसत असले, तरी तो पूर्वीइतका चालत नाही. भांडे तेच दिसते. परंतु त्याच्या तळाशी गाळ साचलेला असतो. ही झीज थांबवता येत नाही, मात्र ती मंद करता येते. तिचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता होय. अनेक उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात फोन वापरावा असे सांगतात. विदर्भात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्याही वर चढतो. अशा दिवसांत उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत फोन ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हाताने तोडणे होय.

आता निवडीकडे वळू. फोनच्या खोक्यावर ५००० मिलिअँपिअर-तास असा एक आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. तो पाहून ग्राहक हरखून जातो. परंतु ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण येथे स्मरावी. हा आकडा भांड्यात पाणी किती मावते एवढेच सांगतो; तोटी किती मोठी आहे, हे सांगत नाही. एखादा फोन सरासरी ५०० मिलिअँपिअर प्रवाह ओढत असेल, तर ५००० चा साठा त्याला १० तास पुरेल. दुसऱ्या फोनचा साठा ४५०० चाच असेल, परंतु तो २०० मिलिअँपिअरवर भागवत असेल, तर तो साडेबावीस तास चालेल. अंथरूण पाहून पाय पसरणारा फोन अधिक चालतो, मग अंथरूण थोडे लहान का असेना! म्हणून नुसत्या आकड्यावर न भुलता तो फोन प्रत्यक्ष वापरात किती तास चालला, याची निःपक्षपाती चाचणी पाहावी, अथवा तो वापरणाऱ्या माणसाला विचारावे.

ही शिदोरी खातो तरी कोण? पहिला मान पडद्याचा. पडदा जितका मोठा आणि प्रखर, तितकी त्याची भूक मोठी. दुसरा खाणारा डोळ्यांना दिसत नाही. तो म्हणजे फोनमधील रेडिओ. टॉवर जवळ असला की फोन हलक्या आवाजात बोलतो. टॉवर दूर असला की त्याला मोठ्याने हाक घालावी लागते. सह्याद्रीच्या दऱ्यांत वसलेल्या वाड्यांमध्ये, जेथे डोंगर लहरींना आडवे येतात, तेथे फोन नुसता पडून असला तरी त्याची बॅटरी भराभर उतरते, ती याच कारणाने. तिसरा खाणारा म्हणजे खेळ आणि चलच्चित्रे, कारण ती चालू असताना फोनच्या मेंदूला विसावा मिळत नाही.

दिवसभर पुरणे हा फोनचा एक गुण झाला. वर्षानुवर्षे पुरणे हा त्याहून मोलाचा गुण. तथापि बाजारात त्याची चौकशी फार थोडे लोक करतात. त्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. बॅटरी किती फेरे सोसते? ती थकल्यावर नवी बसवून मिळते काय, आणि दुरुस्तीचे केंद्र जवळ आहे काय? फोनमधील प्रणालीला सुरक्षिततेच्या सुधारणा किती वर्षे मिळणार? या प्रश्नांचे महत्त्व ओळखून युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नवे नियम लागू केले. तेथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही मूळच्या किमान ८० टक्के साठा धरणारी असली पाहिजे. फोनची विक्री थांबल्यावरही महत्त्वाचे सुटे भाग ७ वर्षे, तर प्रणालीच्या सुधारणा किमान ५ वर्षे मिळाल्या पाहिजेत. एका भरणीत फोन किती तास चालतो आणि तो दुरुस्तीला किती सोपा आहे, हे सांगणारे लेबलही तेथे त्याच्यासोबत द्यावे लागते. जो आकडा ग्राहकाला सहसा दिसत नसे, तो आता त्याच्या डोळ्यांसमोर आला.

किमतीचा हिशेबही वर्षांनी करावा. समजा, एक फोन ९००० रुपयांचा असून तो दोन वर्षांत निकामी होतो. म्हणजे वर्षाला ४५०० रुपये पडले. दुसरा फोन १५००० रुपयांचा आहे. मधे एकदा २००० रुपये देऊन त्याची बॅटरी बदलली आणि तो पाच वर्षे चालला. एकूण खर्च १७००० रुपये. वर्षाला ३४०० रुपये. दिसायला महाग असलेला फोन वापरायला स्वस्त ठरला. मात्र प्रत्येक महाग फोन टिकाऊच असतो, असेही नाही. म्हणून आधी गरज पाहावी, मग टिकाऊपणा, आणि शेवटी झगमगाट.

चांगला फोन घेऊनही निगा राखली नाही, तर तो टिकत नाही. बॅटरी शून्यावर उतरल्यावरच ती भरावी, हा समज जुन्या निकेल-कॅडमिअम बॅटऱ्यांच्या काळातील आहे. लिथिअम-आयन बॅटरीला अगदी रिते होणे मानवत नाही आणि सतत काठोकाठ भरून राहणेही मानवत नाही. तिची पातळी साधारण २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. फोन चार्ज होत असताना तो उशीखाली वा पांघरुणात ठेवू नये. चार्जर आणि बॅटरी भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी झालेली असावी. बॅटरी फुगलेली दिसली, तर ती दाबू नये, टोचू नये. फोन बंद करून मोठ्या माणसांच्या स्वाधीन करावा.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका साध्या गणितात आहे. ५००० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. ९ वॅटचा एक दिवा तिच्यावर दोन तासांहून किंचित अधिक जळेल. असा फोन रोज एकदा भरला, तरी वर्षाला आठ-दहा युनिट वीज लागते. तेव्हा फोनचे खरे मोल विजेच्या बिलात शोधून सापडणार नाही. ते त्याच्या घडणीत आहे. त्यातील लिथिअम ऑस्ट्रेलियाच्या खडकांतून किंवा चिलीच्या खाऱ्या पठारांतून येते. जगातील निम्म्याहून अधिक कोबाल्ट आफ्रिकेतील काँगो या देशात खणले जाते. तेथील हातांनी खोदल्या जाणाऱ्या काही खाणींमध्ये शाळेत जाण्याच्या वयाची मुलेही राबत आली आहेत. ज्या वयात हाती पाटी-पुस्तक असावे, त्या वयात त्यांच्या हाती दगड आणि माती येते.

म्हणूनच फोन दोन वर्षांऐवजी पाच वर्षे चालवणे, ही केवळ काटकसर राहत नाही. त्या श्रमांचा आणि त्या धरणीचा तो मान राखणे आहे. फोनचे आयुष्य संपले, तरी तो केरात टाकू नये. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतील धातू पुन्हा उपयोगात आणण्याची जबाबदारी भारतात २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर सोपवली आहे. त्यांच्या संकलन केंद्रापर्यंत फोन पोहोचवणे, एवढेच ग्राहकाच्या हाती उरते. शहाणा वाटसरू शिदोरी जपून खातो आणि भाकरी कोणाच्या कष्टाची आहे, हे विसरत नाही.

शब्दार्थ

शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. अगत्याचे – गरजेचे. धोटा – मागावर आडवा धागा नेणारे साधन. सच्छिद्र – बारीक छिद्रे असलेला. चलच्चित्र – हलते चित्र. निःपक्षपाती – कोणाचीही बाजू न घेणारी. निगा – काळजी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मार्टिन कूपर यांनी हाती धरण्याजोग्या फोनवरून पहिला संवाद कोणाशी साधला?
(आ) बॅटरीचा एक फेरा म्हणजे काय?
(इ) डोंगराळ भागात फोनची बॅटरी लवकर का उतरते?

२. कारणे द्या.
(अ) योशिनो यांनी आपल्या बॅटरीवर लोखंडाचा तुकडा पाडला.
(आ) केवळ खोक्यावरील आकडा पाहून फोन निवडू नये.

३. एका फोनच्या बॅटरीचा साठा ४८०० मिलिअँपिअर-तास आहे. तो सरासरी ३०० मिलिअँपिअर प्रवाह वापरतो. तो किती तास चालेल?

४. ‘फोन पाच वर्षे चालवणे, ही केवळ काटकसर राहत नाही’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

५. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीचा अर्थ सांगा. तिला अनुरूप असा एखादा प्रसंग लिहा.

६. उपक्रम : घरातील वा शेजारच्या तीन फोनांची माहिती मिळवा. प्रत्येक फोन किती वर्षे वापरात आहे, एका भरणीत किती तास चालतो आणि त्याची बॅटरी कधी बदलली, याचा तक्ता करून वर्गात वाचून दाखवा.