गल्ल्यावर बसण्याआधी : कॉमर्स, हॉटेल मॅनेजमेंट की कॅड?

बारावीचा निकाल लागला की महाडच्या बाजारपेठेत एकच चर्चा ऐकू येते. पोराला दुकानात बसवायचे, मुंबईला धाडायचे, की पासपोर्ट काढून आखातात? चौथा रस्ता, म्हणजे धंद्याचीच रीतसर तालीम, याचे नाव कमी वेळा निघते. आम्ही कपड्याच्या व्यापारात आहोत, शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि धंदा उस्तादांच्या हाताखाली शिकलो. म्हणूनच कॉलेजात काय शिकवतात आणि ते आपल्या कामाचे किती, याचा हिशेब व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडत आहोत.

प्रथम कॉमर्स. "बी. कॉम. करून काय, शेवटी कापडच मोजायचे ना?" असे म्हणणारे बरेच भेटतात. त्यांनी २२ जुलै २०२१ चा गुरुवार आठवावा. बकरीदचा दुसरा दिवस होता. सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानेच्या दुकाने मालासकट बुडाली. त्याच दिवशी तळीयेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. तळीये, वरंध, बिरवाडी हा सारा पट्टा महाडच्या पेठेचा गिऱ्हाईक. माणसांच्या त्या दुःखापुढे मालाचे नुकसान काहीच नव्हे. पण चिखल उपसून झाल्यावर प्रत्येक दुकानदारापुढे सवाल उभा राहिला : माल किती होता, आणि त्याचा पुरावा काय?

वही दुकानात, दुकान पाण्यात. ज्याचा हिशेब संगणकावर होता आणि त्याची प्रत घरी किंवा कर सल्लागाराकडे होती, त्याचे काम सोपे. जीएसटी नोंदणी असलेल्याची खरेदी पोर्टलवर दिसते, कारण पुरवठादार आपली बिले तेथे भरतो. बाकीच्यांच्या हाती तोंडी हिशेब.

यातच विम्याची एक खोच आहे. कॉमर्सच्या वर्गात ती एका तासात शिकवतात आणि बाजारात ती कळायला आयुष्य जाते. तिला सरासरीची अट म्हणतात. समजा, दुकानात १० लाखांचा माल आहे आणि हप्ता वाचवण्यासाठी विमा ५ लाखांचाच उतरवला. पुरात ४ लाखांचा माल खराब झाला. दुकानदाराला वाटते, विमा ५ लाखांचा आहे, तेव्हा ४ लाख पूर्ण मिळतील. तसे होत नाही. विमा मालाच्या निम्म्या किमतीचा होता, म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे २ लाख. (विमा घ्यावा की न घ्यावा हा मसला उलेमांना विचारावा, येथे फक्त हिशेब सांगितला.)

दुसरे उदाहरण कराचे. कापडावर आपल्या पिढीने विक्रीकर पाहिलाच नव्हता. १९५७ च्या कायद्याने केंद्र सरकार कापड, साखर आणि तंबाखू यांच्यावर जादा उत्पादन शुल्क घेई आणि राज्ये विक्रीकर सोडून देत. त्यामुळे किरकोळ कपडेवाल्याला नोंदणी आणि विवरणपत्र यांची सवय लागली नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सुरतेपासून भिवंडीपर्यंत सर्वांत जास्त धांदल आपल्याच धंद्याची उडाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यावर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असा दर आहे. २,४९० च्या शेरवानीत आणि २,५५० च्या शेरवानीत गिऱ्हाइकाच्या खिशाला किती फरक पडतो, हे ज्याला कागदावर मांडता येते तो भाव बरोबर ठरवतो.

म्हणून मुलगा गल्ल्यावरच बसणार असेल तरी बी. कॉम. करू द्यावे. कॉलेज महाडातच आहे, सकाळी वर्ग आणि दुपारी दुकान असे जमते. बीएमएस या नावाला भुलू नये, पण ते टाकाऊही नाही. मुंबई विद्यापीठात तो अभ्यासक्रम १९९९-२००० पासून आहे, आणि २०२४ पासून त्याला राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ज्याला दुकान सोडणे शक्यच नाही त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

आता कॅड. हा विषय कारागिरांच्या जास्त जवळचा, पण तोच सर्वांत कमी माहितीचा. कॅड म्हणजे संगणकावर नकाशा काढणे. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेले. पण नकाशा फक्त इमारतीचा नसतो. साडीच्या पदराचाही असतो. जॅकार्ड मागावर २४० हुकांची आणि ३०० धाग्यांची वेलबुट्टी काढायची तर आलेखाच्या कागदावर ७२ हजार चौकोन. नक्षीकार ते एकेक करून रंगवी, मग प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक अशी ३०० कार्डे हाताने पंच होत. एक चौकोन चुकला की पदरावर डाग. संगणकावर तीच नक्षी दुरुस्त करायला मिनिट लागत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला तर कार्डही नको. नक्षीकाराची नजर मात्र लागतेच. यंत्राला बुट्टी सुचत नाही.

शिंपीकामाचा हिशेब याहून सरळ आहे. शाळेच्या गणवेशाचे २०० शर्ट कापायचे आहेत. संगणकावर भाग जुळवून मांडले आणि शर्टामागे ५ सेंटिमीटर कापड वाचले, तर १० मीटर वाचले. मीटरला १२० रुपये धरले तर एका ऑर्डरीत १,२०० रुपये.

याची तालीम कोठे? दहावीनंतर दोन वर्षांचा ड्राफ्ट्समनचा आयटीआय कोर्स, नाहीतर तीन वर्षांचा डिप्लोमा. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हमरस्त्यावर लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, ते १९८९ च्या कायद्याने स्थापन झाले. याच जिल्ह्यात नवीन पनवेलला अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे, आणि मुंबईत भायखळ्याचे साबू सिद्दीक तर जुनेजाणते. कपड्याच्या डिझाइनसाठी खारघरला निफ्ट आहे. प्रवेश परीक्षा कठीण आणि फी भारी, पण बारावी कोणत्याही शाखेची चालते. गल्लीतल्या तीन महिन्यांच्या ऑटोकॅड क्लासचे प्रमाणपत्र एकटे फारसे कामाचे नाही. आयटीआय किंवा डिप्लोमाच्या जोडीला मात्र ते चांगले.

हॉटेल मॅनेजमेंटचे थोडक्यात सांगतो. दादरची सरकारी संस्था १९५४ ची. तेथील तीन वर्षांच्या पदवीसाठी बारावीला इंग्रजी विषय आणि अखिल भारतीय प्रवेश परीक्षा लागते. मुंबईत अंजुमनचेही हॉटेल व पर्यटन व्यवस्थापनाचे कॉलेज आहे. पालकांची अडचण आम्हाला माहीत आहे : पदवीच्या अभ्यासक्रमात दारूच्या सेवेचाही भाग येतो. ज्यांना ते नको त्यांनी दहावीनंतरचा दीड वर्षाचा पाककलेचा किंवा बेकरीचा क्राफ्ट कोर्स पाहावा. त्यात सारे काम भटारखान्याचे. तरी प्रवेशाआधी संस्थेत जाऊन प्रॅक्टिकलला काय काय करावे लागते ते विचारावेच. जहाजाची गॅली, इस्पितळाचे किचन, कारखान्याचे कँटीन अशी कामेही याच शिक्षणातून मिळतात, आणि महाडच्या एमआयडीसीत कँटीनचे ठेके निघतच असतात. शिवाय जुलै २०२५ मध्ये रायगड किल्ल्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पाहुणे वाढले तर खोल्या आणि जेवण कोण देणार, याचा विचार पायथ्याच्या आणि पोलादपूर घाटाच्या तोंडाशी असलेल्या लोकांनी आतापासून करावा.

राहिला पैशाचा प्रश्न. २०२४-२५ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल कुटुंबांतील मुलींना, सरकारी प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार, पिंजारी या बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तरी दाखला काढलेला नाही म्हणून घरातली मुलगी पूर्ण फी भरते, असे घडू नये. मुलांना सवलत कमी आहे, पण तीही याच दाखल्यावर मिळते. स्वतः कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी धरून १८ हुनर त्यात येतात. तालमीच्या दिवसांत रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात. पुढचे कर्ज मात्र ५ टक्के व्याजाचे आहे आणि ते न घेताही बाकीचा लाभ मिळू शकतो.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, बहुधा आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. २०२१ च्या पाण्यात अनेक घरांतले हे कागद गेले. त्यांनी आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा मागावा. उर्दू शाळांची जुनी रजिस्टरे उर्दूत असतात, म्हणून उताऱ्याबरोबर मराठी भाषांतरही करून घ्यावे. हे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच सुरू करावे. जूनमध्ये तहसील कचेरीत पाय ठेवायला जागा नसते.